मला काही प्रॉब्लेम नाही, पण

गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एक वाक्य बोललो आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये. रविवारची सकाळ, पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या किटलीतला चहा, आणि विषय नेहमीचेच, टाकी कधी धुवायची, लिफ्टवाल्याचं काँट्रॅक्ट, कुणाची गाडी कुणाच्या जागेत लागते ते. शेवटचा विषय होता तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मालक काका हल्ली मुलाकडे पुण्याला असतात, त्यांनी फोनवर कळवलेलं की एक नवरा-बायको बघून गेलेत, चांगले वाटले, भाड्याने देतोय. ते दोघं कोण हे मला माहीत होतं, कारण फ्लॅटची किल्ली माझ्याकडे असते आणि आदल्या दिवशी संध्याकाळी दार मीच उघडून दिलेलं. मुलगा लॅब टेक्निशियन, बायको शाळेत सायन्स शिकवते. दोघांनी चपला पार जिन्यातच काढल्या, रिकाम्या घरात काय चपला काढायच्या पण काढल्या. तिने विचारलं पाणी सकाळी किती वाजता येतं, शाळा सातची आहे म्हणून. तो बेडरूममध्ये हाताच्या वितीनं भिंत मोजत होता, कॉट बसेल का बघायला. जाताना आमच्या घरी पाणी प्यायले. माझी बायको म्हणाली, बरी आहेत पोरं.

मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी नावं वाचली, मुसलमान नावं. मग थोडा वेळ कुणी काही बोललंच नाही, फक्त किटलीचं झाकण वाजलं. मग एकेक जण सुरू झाला. "आमचं काय म्हणणं नाही ओ, पण सध्याचं वातावरण बघताय न्हवं?" "उद्या काय झालं तर कोण निस्तरणार?" "माणसं चांगली असतील, पण येणारे-जाणारे कोण असतील काय सांगावं." कुणी शिवी दिली नाही, कुणाचा आवाज चढला नाही, हे मुद्दाम सांगतोय. हे सगळे माझे शेजारी आहेत, कोरोनात आमच्या घरातले सगळे आडवे होते तेव्हा पंधरा दिवस दारात डबा ठेवणारे हेच. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण किल्ली माझ्याकडे. मी म्हणालो, "मला काही प्रॉब्लेम नाही, पण बाकीच्यांचं जे ठरेल ते."

सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, सोसायटीतील वातावरणाचा विचार करता सर्वानुमते नकार कळवण्यात येत आहे. आम्ही सह्या केल्या. माझी सही चौथी आहे.

सर्वानुमते.

दोन दिवसांनी त्या मुलाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. काकांनी त्याला सांगितलेलं, दुसऱ्या पार्टीला दिला म्हणून. त्याने लिहिलेलं, "सर, किल्लीसाठी तुम्हाला त्रास दिला. थँक्स. मॅडमनाही सांगा." बस इतकंच. त्याला खरं कारण कळलं नसेल असं समजायला मी काही लहान नाही. किती घरं बघून झाली असतील त्यांची, किती ठिकाणी ही दुसरी पार्टी ऐनवेळी उगवली असेल. मी त्याला एक अंगठा पाठवला. हिरवा नाही निळा नाही, तो पिवळा अंगठा. त्यानंतर फोन उलटा करून ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन बसलो.

मी कोल्हापूरचा. इथल्या माणसाला ह्या विषयावर बोलतं केलं की तो पहिलं काय सांगतो ठाऊक आहे ना, आमच्याकडं तसलं काय नाही. आणि सांगायला आमच्याकडे खरंच खूप आहे. मोहरमचे पंजे नाचवणाऱ्यांत निम्मी हिंदू घरं. कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. बाबूजमाल तालमीत गणपती आणि पीर शेजारी शेजारी. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी पंजे बघितलेत, तो ऊदाचा वास, मोरपिसं, ढोलाचा आवाज छातीत घुमायचा, कुणाचा देव आहे हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. दसरा चौकातून जाताना मुस्लिम बोर्डिंग दिसतं, १९०६ सालचं, शाहू महाराजांनी उभं केलेलं आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतलेलं, कारण त्यांना दिसत होतं की नुसतं या शिका म्हणून चालत नाही, खेड्यातनं आलेल्या पोराला शहरात राहायला छप्पर लागतं. पोरगं शिकायला आलं आणि त्याला कुणी खोलीच दिली नाही तर शाळेची फी माफ करून काय उपयोग. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या जातींची मुलं, सगळ्यांसाठी वसतिगृहं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी ह्या गावात एका राजाने जो प्रश्न सोडवायला घेतला तो अगदी हाच होता, राहायचं कुठं. आणि आम्ही त्याच गावात पार्किंगमध्ये बसून चहा पीत पीत तो परत तिथंच नेऊन ठेवला. मशिदीतल्या गणपतीचा फोटो आम्ही दरवर्षी फॉरवर्ड करतो. फ्लॅट देत नाही.

हे लिहिताना मला सारखे पानसरे अण्णा आठवतायत. कॉम्रेड गोविंद पानसरे, कम्युनिस्ट नेते. कोल्हापूरकरांना अण्णा कोण हे सांगायला नको. आमचे वडील उद्यमनगरात लेथवर होते, पक्षाबिक्षाचे नव्हते, पण कामगारांची काही भानगड असली की बिंदू चौकात लाल बावट्याच्या ऑफिसात जाऊन यायचे. तिथूनच एकदा ते ती पातळ पुस्तिका घेऊन आले, 'शिवाजी कोण होता?' मुळात ते अण्णांनी १९८७ साली केलेलं भाषण, मग छापलं. आमच्या घरात पुस्तकं म्हणजे पंचांग, पोरांची क्रमिक पुस्तकं आणि ही. वडिलांनी ती सुताराच्या पेन्सिलने खुणा करत वाचली, जाड जाड रेघा. ती अजून माझ्याकडे आहे, एलआयसीच्या कागदांच्या फायलीत ठेवलेली, पानांना ग्रीसचा वास येतो असं मला वाटतं, आता तो खरा की माझ्या मनातला माहीत नाही.

अण्णांची पद्धत बघा. त्यांनी महाराजांना हिंदुत्ववाद्यांच्या हातून हिसकावून घ्यायला दुसरी आरडाओरड नाही केली. साधे प्रश्न विचारले. महाराजांची लढाई धर्माची असती तर आरमारात दौलतखान काय करत होता, काझी हैदर त्यांच्याकडे काय करत होता, सिद्दी हिलाल कुणाच्या बाजूने लढला? आणि उलटं, औरंगजेबाकडून चालून आलेले मिर्झाराजे जयसिंग कोण होते? अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर कोण होता? गोब्राह्मणप्रतिपालक ही पदवी महाराजांनी स्वतःच्या पत्रांत स्वतःला लावलेली सापडते का? लढाई राज्याची होती, आणि ते राज्य रयतेला आपलं का वाटलं तर सैन्याने पिकात शिरू नये, बाईच्या अब्रूला हात लागू नये, वसुली नेमकी व्हावी, भाजीच्या देठाचीसुद्धा हाव धरू नये म्हणून. शेतकऱ्याच्या पोराला कळेल अशा भाषेत, एवढ्याशा पुस्तिकेत. म्हणून तर ती खेड्यापाड्यात गेली, तालमीत गेली, आणि मला वाटतं म्हणूनच ती टोचली. विद्यापीठात जाड ग्रंथ लिहून ठेवला असता तर कदाचित एवढं कुणाचं बिघडलं नसतं.

पण मला त्यात एक गोष्ट खटकते, आत्ता आत्ता खटकायला लागलीय. दौलतखानाचं नाव सांगून वाद जिंकता येतो, मीही कॉलेजात आणि नंतर फॅमिली ग्रुपवर खूपदा जिंकलोय, यादीच पाठ आहे माझी. आणि तरी त्या यादीत एक गोम आहे. लॅब टेक्निशियनला टू बीएचके भाड्याने मिळायला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या दौलतखानाची साक्ष का लागावी? समजा महाराजांच्या सैन्यात एकही मुसलमान नसता, मग काय त्या बाईने सकाळच्या पाण्याची चौकशी करायची नाही? इमानदारीचे पुरावे गोळा करत बसलो की आपण न कळत समोरच्याचंच म्हणणं मान्य करतो, की ह्यांनी आधी काहीतरी सिद्ध करून दाखवायचं असतं. मी माझ्या शेजाऱ्यांना कधी काही सिद्ध करायला लावलं नाही. त्यांनी मला लावलं नाही. मी इथं राहतो कारण मी पैसे भरले, एवढंच. अण्णांना हे माहीत नव्हतं असं मला मुळीच म्हणायचं नाही, त्यांनी 'मुसलमानांचे लाड' ह्या विषयावर वेगळं लिहिलंय ते ह्यासाठीच, तिथं इतिहास बाजूला ठेवून आजचा हिशोब मांडलाय.

तो लाडांचा हिशोब मी फॅमिली ग्रुपवर एकदा मांडायला गेलो होतो. देशातल्या मुसलमानांची परिस्थिती तपासायला केंद्राने नेमलेल्या सच्चर समितीचा रिपोर्ट, २००६ चा. २००१ च्या जनगणनेत देशात मुसलमान १३.४ टक्के, आणि आयएएसमध्ये ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के. साक्षरता देशाची ६५.१, त्यांची ५९.१. लाड झाले असते तर कुठं तरी दिसले असते ना, लाडावलेलं पोर असं मागे पडतं का? आपल्या राज्यात २०१४ साली ५ टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला, हायकोर्टाने त्यातला शिक्षणापुरता भाग चालू ठेवायला हरकत घेतली नाही, पण नंतर त्याचा कायदाच केला नाही कुणी आणि तो तसाच संपून गेला. ह्यावर आमच्या एका भावाचं उत्तर आलं, "आकडे काय कसेही फिरवता येतात." दुसऱ्याने विचारलं, त्यांच्यातल्या कट्टर लोकांवर का बोलत नाहीस. त्याला मी हमीद दलवाईंबद्दल लिहिलं, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस, १९६६ साली तोंडी तलाकविरुद्ध सात बायकांचा मोर्चा घेऊन विधानभवनावर गेला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. असगर अली इंजिनिअर यांच्याबद्दल लिहिलं, मुंबई महापालिकेत इंजिनिअर, जन्माने बोहरा मुसलमान, स्वतःच्या धर्मगुरूंच्या सत्तेविरुद्ध बोलले म्हणून बहिष्कार सोसला, मारही खाल्ला, आणि तोच माणूस जबलपूरपासून भिवंडीपर्यंत दंगलींच्या गावात जाऊन शोधत राहिला की दंगल पेटते कशाने. त्यांना दिसलं ते हे की धर्म नुसता वर दिसतो, खाली बघावं तर धंद्यातली चढाओढ, जमीन, तोंडावर आलेली निवडणूक. माझा मेसेज फार लांब झाला होता. खाली कुणीतरी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकलं आणि तो वर सरकून गेला.

आता आईच्या कपाचं सांगायला पाहिजे. वडिलांच्या शेजारच्या लेथवर एक चाचा होते. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळाचा जायचा, माझ्या मुंजीएवढ्या वयात माझी पहिली सायकल चाचांनीच कुठून तरी जुनी आणून, वेल्डिंग मारून, लाल रंग देऊन दिलेली. चाचा घरी आले की आई आलं घालून चहा करायची, कपात वरपर्यंत साय. पण तो कप वेगळा. फडताळात सगळ्यात वर, निळ्या फुलांचा, कान थोडा उडालेला. तो वेगळा धुतला जायचा, वेगळा पालथा घातला जायचा. वडिलांनी त्या पुस्तिकेत काझी हैदरच्या नावाखाली जाड रेघ मारली, आणि त्या वर्षीही तो कप तिथंच होता, पुढच्या वर्षीही. वडिलांना दिसत नव्हता का? दिसत असणारच. मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला दोघंही नाहीत. चाचा गेले तेव्हा आई त्यांच्या घरी जाऊन चाचींच्या गळ्यात पडून रडली, इतकी की तिला धरून आणावं लागलं. ते रडणं खोटं नव्हतं. आणि कपही खोटा नव्हता.

आईच्या मनात द्वेष होता का, तर नव्हता. म्हणून तर मला ते कोडं सुटत नाही.

बाबासाहेबांनी घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ ला जे भाषण केलं त्यात ह्याच्यासाठी एक शब्द सापडतो. ते म्हणाले होते की अल्पसंख्याकांनी आपलं अस्तित्व बहुसंख्याकांच्या हाती सोपवायचं मान्य केलंय, आता भेदभाव न करणं हे बहुसंख्याकांचं कर्तव्य आहे हे बहुसंख्याकांनी ओळखायचं, आणि ज्या दिवशी बहुसंख्याक भेदभाव करण्याची सवय सोडतील त्या दिवशी अल्पसंख्याक म्हणून कुणी उरायचं कारणच राहणार नाही. सवय. द्वेष असं नाही म्हणाले. सवयीला राग यावा लागत नाही, कप आपोआप वरच्या फळीवर जातो, वाक्य आपोआप तोंडातून येतं. आणि त्याच भाषणात हेही आहे की आपल्याकडची बहुसंख्या ही मुळात जमातीची, म्हणजे धर्माची आहे, राजकीय नाही. मतं बदलतात, आज हरलेला उद्या जिंकतो. जन्माने अल्पसंख्य असलेला माणूस कुठली निवडणूक जिंकून बहुसंख्य होणार? आमच्या पार्किंगमध्ये तरी तो कधी जिंकेल? आम्ही बावीस फ्लॅट, बावीसच्या बावीस आम्हीच. हिंदू राष्ट्राची कल्पना मला इथं येऊन कळते, मोठ्या सभांमधून कळते त्यापेक्षा जास्त. ज्याला कायमचं 'वातावरणाचा विचार करता' असं ऐकवलं जाणार, ज्याचं घर, धंदा, जेवण सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर, असा एक नागरिक आणि ती मर्जी ज्याच्या हातात तो दुसरा नागरिक. कायदा न बदलता, घटनेला हात न लावता, मिनिट्सच्या वहीत हे झालं. बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा १९५० सालापासून आहे, ते हयात असताना उभारलेला, आम्हाला त्याचा केवढा अभिमान.

वातावरण ह्या शब्दाचं मला आता भय वाटायला लागलंय. पाऊस पडतो तसं वातावरण येतं असं आम्ही बोलतो, ते कुणी केलेलंच नसतं. २०२३ च्या जूनमध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद, दुकानांची शटर खाली, मी बायकोला बाहेर पडू नको म्हणून फोन करत होतो. त्याच्या पुढच्या वर्षी, १४ जुलैला, विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरला जमाव वस्तीत शिरला, घरं फोडली, मशिदीवर चढून तोडफोड केली. गडावरच्या अतिक्रमणाचा वाद होता म्हणे, आणि फोडलं ते गडावर नसलेल्या, खालच्या वाडीला. टीव्हीवर एका घरातलं सांडलेलं धान्य दिसलं होतं, तांदूळ चिखलात. त्या दिवशीही मला काही प्रॉब्लेम नव्हता, मला फक्त वाईट वाटलं होतं.

अण्णा असते तर गेले असते गजापूरला, ह्यात मला शंका नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी येताना सागरमाळला त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. त्याआधी २०१३ साली पुण्यात दाभोलकर, त्यानंतर धारवाडला कलबुर्गी, मग बंगळुरूला गौरी लंकेश. त्या सोमवारी मी ऑफिसात होतो, बातमी आल्यावर सगळे उठून उभे राहिले, चहावाला पोरगा ट्रे हातात धरून तसाच थांबला. संध्याकाळी मी वडिलांकडे गेलो. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फाईल काढून ती पुस्तिका बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली, वाचली नाही, नुसती ठेवली. अण्णांच्या माघारी लोक दर महिन्याच्या २० तारखेला निर्भय मॉर्निंग वॉक काढायचे, मी चार-पाच वेळा गेलो, मग नोकरी, मुलाची दहावी, पाय दुखणं, सुटलं. घोषणा देताना माझा आवाज चांगला लागायचा. पण गर्दीत घोषणा देणं आणि ओळखीच्या बावीस माणसांसमोर खुर्चीतून उठणं ह्यात खूप अंतर आहे हे मला पन्नाशीत कळलं. अण्णा दोन्ही करायचे. ज्यांना पटत नाही त्यांच्यात जाऊन बोलायचे, भांडून नातं तोडायचे नाहीत. मला शेजारी तोडायचे नव्हते म्हणून गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत होतो. पण बोलून ते तुटले असते हे मी कशावरून ठरवलं? त्यांच्यातला अजून एखादा माझ्यासारखाच गप्प बसला असेल तर? चौथी सही बघून पाचव्याने केली असेल तर?

काल पुढची मीटिंग झाली. पहिला विषय नियमाप्रमाणे, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सेक्रेटरी भराभर वाचत होते, टाकी, लिफ्ट, पार्किंग, मग ते वाक्य. तिसऱ्या मजल्यावर आता एक बँकवाले राहायला आलेत, ते पण नवीन मेंबरांशी ओळख म्हणून येऊन बसलेले, त्यामुळे उगीच कुणाला ताटकळवण्यासारखं वाटत होतं. मी हात वर केला. माझे तळवे ओले झाले होते. म्हणालो, "ह्यात सर्वानुमते लिहिलंय ते बरोबर नाही. मी त्या दिवशी गप्प बसलो ती माझी चूक. माझा नकार नव्हता आणि नाही. तशी नोंद करा."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "अहो, आता झालं की ते. फ्लॅट गेला पण."

"माहीत आहे. नोंद करा."

मागून कुणीतरी म्हणालं, कशाला उगीच. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्या कधी मीटिंगमध्ये बोलत नाहीत, त्या माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही. सेक्रेटरींनी वही माझ्या बाजूला सरकवली, पेनाचं टोपण काढून पेन वर ठेवलं, आणि म्हणाले, "तुम्हीच लिहा मग." समासात जागा थोडीशीच होती. मी बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली.